बँड बांधा, पण पंधरा दिवस गप्प बसा

नवा फिटनेस बँड मनगटावर चढला की पहिल्याच रात्री तो माणसाला नापास करतो. लक्ष्य दहा हजार, झालेली पावलं चार हजार दोनशे, वर्तुळ अर्धंसुद्धा भरलेलं नाही. ज्याने जन्मात कधी पावलं मोजली नाहीत, त्याच्या हातात पहिल्याच दिवशी हा निकाल ठेवायचं कारण काय? हे लक्ष्य तुमच्या गुडघ्यांना विचारून ठरलेलं नाही. तुमचं काम बसून आहे की उभ्याने, घर तळमजल्यावर आहे की तिसऱ्या मजल्यावर, यातलं काहीही त्याला ठाऊक नाही. बहुतेक बँडमध्ये ते खोक्यातून निघतानाच भरलेलं असतं.

म्हणून बँड घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे : पहिले पंधरा दिवस काहीही करू नका. बँड बांधा आणि जसे जगता तसेच जगा. लिफ्टने जात असाल तर लिफ्टनेच जा. कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटर काढून जायची सवय असेल तर तीही तशीच राहू द्या. वर्तुळ पूर्ण करायला रात्री साडेअकराला हॉलमध्ये फेऱ्या मारू नका. ‘उठा, चाला’ म्हणून मनगट थरथरवणाऱ्या सूचना बंद करा. पंधरा दिवसांत दोन रविवार येतात, एखादं लग्न किंवा बारसं येतं, एखादा दिवस अंग दुखतं म्हणून पडून जातो. हे सगळं त्या सरासरीत आलं पाहिजे. सोळाव्या दिवशी अ‍ॅप उघडा, रोजची सरासरी बघा आणि कागदावर लिहून ठेवा. समजा, ती ३,८०० निघाली. तुमची सुरुवात तिथून. त्यात पाचशे मिळवा, फार तर हजार, आणि तो आकडा पुढच्या दोन आठवड्यांचं लक्ष्य म्हणून अ‍ॅपमध्ये स्वतःच्या हाताने टाका. जमलं, गुडघे कुरकुरले नाहीत, की आणखी पाचशे.

‘पण मग दहा हजारांचं काय?’ हा प्रश्न लगेच येतो. तो आकडा आता सकाळच्या बागेपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. तर ऐका. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं. जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ साली तिथल्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं, पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपो-केई’, दहा हजार पावलं मोजणारं. गोल आकडा, लक्षात राहणारा, जाहिरातीला सोयीचा. तिथल्या चालणाऱ्यांच्या मंडळांनी तो उचलला, पुढे जगाने उचलला. साठ वर्षांपूर्वीचं एक विक्रीचं नाव आज वैद्यकीय सल्ल्याच्या तोऱ्यात आपल्या मनगटावर बसलं आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. कारण त्या आकड्यापायी साठीच्या पुढची माणसं आधीच झिजलेले गुडघे घेऊन पहिल्या आठवड्यात दहा हजारांमागे धावतात, तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजवून घेतात आणि मग चालणंच सोडतात. बँड ड्रॉवरमध्ये जातो.

अभ्यास काय सांगतात? हार्वर्डच्या संशोधक आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली १६,७४१ वयस्क अमेरिकन स्त्रियांच्या पावलांचा हिशेब मांडला. या स्त्रियांचं सरासरी वय होतं ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. पावलं वाढली तसा फायदा वाढत गेला आणि ७,५०० च्या सुमाराला सपाट झाला. २०२२ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. साठीपुढच्यांसाठी फायद्याची रेषा सहा ते आठ हजारांच्या दरम्यान सपाट झाली, तरुणांसाठी आठ ते दहा हजारांच्या. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. धडधाकट माणूस मुळात जास्त चालतो, हेही त्यात मिसळलेलं असणार. तरीही एक गोष्ट त्यातून स्वच्छ दिसते. सगळ्यात मोठा फायदा अगदी कमी चालणारा माणूस थोडं जास्त चालू लागतो, तिथे आहे. २,७०० वरून ४,४०० वर जाणाऱ्या सत्तरीच्या आजींना बँड नापास म्हणतो, तेव्हा चूक आजींची नसते.

याचा अर्थ लक्ष्यच नको, असा मुळीच नाही. पावलं मोजणारी साधी यंत्रं वापरणाऱ्यांवरचे २६ अभ्यास २००७ साली स्टॅनफर्डच्या डेना ब्रवाटा यांनी एकत्र तपासले. अशी यंत्रं लावणारी माणसं सरासरी सुमारे २७ टक्के जास्त हालचाल करू लागली होती, आणि ज्यांच्यापुढे पावलांचं काहीतरी लक्ष्य होतं त्यांच्यातच ही वाढ खरी उमटली होती. म्हणजे मोजल्याने माणूस चालतो, हे खरं. आकडा मात्र त्याला झेपणारा हवा.

आणि सगळी पावलं एका तोलाची नसतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते. चालण्यात मध्यम जोर म्हणजे मिनिटाला साधारण शंभर पावलं. बोलता येतं, गाता येत नाही, इतपत दम लागतो. तसं अर्धा तास चाललात तर तीन हजार पावलं होतात. आठवड्यातून पाच दिवस ही तीन हजार पावलं झपझप टाकणारा माणूस मला दिवसभर रेंगाळत नऊ हजार करणाऱ्यापेक्षा पुढे वाटतो. बहुतेक अ‍ॅपमध्ये या झपझप मिनिटांचा वेगळा रकाना असतो. पंधरा दिवसांनंतर पावलांच्या आधी तो उघडा.

आता बँड मोजतो कसा, ते थोडं समजून घ्या, म्हणजे त्याच्यापुढे मान तुकवायची सवय लागणार नाही. आत हालचाल टिपणारा एक बारीक सेन्सर असतो. मनगट ठरावीक लयीत हललं की त्याला वाटतं पाऊल पडलं. पाय त्याला दिसत नाहीत. म्हणून पोळ्या लाटताना, भांडी घासताना तो कधी कधी पावलं जमा करतो. खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटर गेली की तिथेही दोन-चार चढतात. उलट दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मंडईतून चालत आलात, नातवाची बाबागाडी ढकलत बागेत तीन चकरा मारल्या, कठडा धरून जिना उतरलात, तर मनगट स्थिर असतं आणि खरी चाललेली पावलं हिशेबात येत नाहीत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढा. बँडमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर त्याला चढ कळतो; स्वस्तातल्या बँडमध्ये तो बहुतेक नसतो, मग छाती भरून आणणारी चढण आणि मॉलमधली सपाट फरशी त्याच्या लेखी सारखीच.

डोक्यावर हंडा घेऊन, एका हाताने तो सावरत विहिरीवरून येणाऱ्या बाईचा हात हलत नाही. दिवसभर उकिडवं बसून खुरपणी करणारी बाई वावरात इंचाइंचाने सरकते. तिच्या मनगटावर हा बँड बांधला तर संध्याकाळी तो तिला ‘आज हालचाल कमी झाली’ असं सांगेल. ज्या यंत्राला महाराष्ट्रातलं सगळ्यात कष्टाचं काम दिसत नाही, त्याच्या आकड्यावरून माणसामाणसांत तुलना करायची नसते. म्हणूनच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची ती ‘स्टेप चॅलेंज’ मला पटत नाही. रोज रात्री स्क्रीनशॉट पडतात, पहिल्या येणाऱ्याला टाळ्या मिळतात. त्याच सोसायटीत पाच घरची धुणीभांडी करून जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या मावशी त्या ग्रुपवर नसतात. तुमचा आकडा फक्त तुमच्याच कालच्या आकड्याशी ताडून बघा. तोच बँड, तोच हात, तीच सवय. कुठल्या हातात बांधला आहे ते अ‍ॅपमध्ये नीट भरा आणि मग हात बदलू नका.

नाडीचे ठोके मोजायला बँडच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं; ठोक्यागणिक त्वचेखालचं रक्त कमीजास्त होतं, तसा परतणारा प्रकाशही कमीजास्त होतो, आणि त्यावरून हिशेब लागतो. बँड सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि हिशेब बिघडतो. म्हणून तो मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर बांधा, व्यायामाच्या वेळी आणखी बोटभर वर, अंगासरशी पण वळ उठणार नाही इतपत. हातभर बांगड्या असतील तर बँड दुसऱ्या हातात घाला, नाहीतर तो सारखा सरकत राहतो. मनगटावर जुनं गोंदण असेल तर त्याची शाई प्रकाश अडवते. तिथे ठोके उमटले नाहीत म्हणून घाबरून जाऊ नका, हात बदला. झपझप चालताना पावलांची लय आणि ठोक्यांची लय जवळ आली की काही बँड पावलांनाच ठोके समजतात. काही बँड केळ्याला गुंडाळले तरी ठोके दाखवतात. ठोका शोधत राहणं हेच त्याच्या आतल्या गणिताचं काम. परतणाऱ्या प्रकाशात जराशी लय दिसली की ते आकडा काढून मोकळं होतं.

तरी त्या हिरव्या दिव्याकडून एक गोष्ट मनापासून घ्यावी अशी आहे : विश्रांतीचे ठोके. निवांत असताना मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. नेमाने चालू लागलात की काही आठवड्यांत, महिन्यांत ते हळूहळू खाली येतात. वजनकाटा हलत नसतो, आरशात काही दिसत नसतं, तेव्हा हृदय सुधारत असल्याची ही खूण बँड देतो. ताप येणार असेल, झोप अपुरी असेल, तर हाच आकडा वर जातो. बँडमधला एकच आकडा रोज बघायचा असेल तर हा बघा.

कॅलरीचा आकडा मात्र पडद्यावरून काढून टाका. २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये सात बँड-घड्याळं साठ माणसांना लावून तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगल्या यंत्राची चूक २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. त्यावर भर म्हणजे, काही बँड दिवसाच्या शेवटी ‘१,८०० कॅलरी जळल्या’ असं दाखवतात. त्यातल्या बहुतेक तुम्ही नुसते पडून राहिला असता तरी जळणारच होत्या, श्वास घ्यायला, अंग ऊबदार ठेवायला. त्या आकड्याच्या भरवशावर स्टेशनबाहेर वडापावची सूट घेणं म्हणजे चालण्याचा सगळा फायदा तिथेच मोडणं. नुसता बँड बांधल्याने वजन उतरतं, हा समजही सोडा. अमेरिकेत पिट्सबर्गला ४७१ जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला आणि २०१६ साली त्याचे निकाल आले. आहार, व्यायाम आणि सल्ला दोन्ही गटांना होता. एका गटाला त्यावर बँड दिला. बँड नसलेल्यांचं वजन सरासरी ५.९ किलोने उतरलं, बँडवाल्यांचं ३.५ किलोने.

झोपेबद्दल थोडक्यात. किती वाजता आडवे झालात, किती वाजता उठलात, हे बँड बऱ्यापैकी सांगतो. गाढ झोप किती, स्वप्नांची किती, हा त्याचा अंदाज आहे; खरं मोजायचं तर डोक्याला तारा लावून प्रयोगशाळेत झोपावं लागतं. सकाळी उठून ताजंतवानं वाटत असेल आणि बँड ‘झोप ५८ गुण’ म्हणत असेल, तर आपल्या अंगावर विश्वास ठेवा. झोपेच्या गुणांची काळजी करून झोप उडालेल्या माणसांची नोंद अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ सालीच केली आहे.

रक्तदाब आणि साखर मोजण्याच्या दाव्यांबद्दल मात्र मी थोडक्यात बोलणार नाही. इथे माणसाचा जीव जाऊ शकतो. हजार-दीड हजाराच्या घड्याळाच्या खोक्यावर रक्तदाब, ऑक्सिजन, साखर असं सगळं छापलेलं सर्रास दिसतं. दंडाला पट्टा न आवळता मनगटावरून मिळणारा रक्तदाब हा अंदाज असतो; नामांकित कंपन्यांची घड्याळंसुद्धा दर काही आठवड्यांनी खऱ्या दंडपट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात. साखरेचं तर त्याहून गंभीर. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की, त्वचेला न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा, कातडीखाली बारीक तार जाणारा सेन्सर वेगळा. तो खरा असतो आणि घड्याळ त्याचा आकडा नुसता दाखवतं. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. यातल्या कुणी मनगटावरचा ‘११०’ बघून इन्सुलिन टाळलं किंवा जास्त घेतलं तर काय होईल? साखरेचं वचन देणारं साधं घड्याळ दुकानदाराने पुढे केलं तर ते परत द्या आणि दुसऱ्या दुकानात जा. आणि छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, तर मनगटाकडे बघूच नका. ठोके ७२ दिसले तरी १०८ ला फोन लावा.

राहिला प्रश्न आईवडिलांना बँड भेट देणाऱ्या मुलामुलींचा. दिवाळीला पुण्याबंगळूरहून येताना बँड आणायचा, तासाभरात आपल्याच फोनवरून चालू करून द्यायचा, लक्ष्य दहा हजार ठेवायचं आणि सोमवारपासून ‘बाबा, आज दोनच हजार?’ असे फोन सुरू करायचे. प्रेमापोटी होतं हे, मला कळतं. पण बाबांचं चालणं, झोपणं, रात्री किती वेळा उठणं हे सगळं परवानगी न विचारता तुमच्या फोनवर येतं. ते बँडच्या कंपनीकडेही जातं, आणि चालण्याची पावलं दाखवा, हप्त्यात सूट घ्या, असं म्हणणाऱ्या आरोग्य विमा योजनाही आता आल्या आहेत. स्ट्राव्हा नावाच्या अ‍ॅपने व्यायाम करणाऱ्यांचे जगभरचे मार्ग नकाशावर मांडले आणि २०१८ साली त्यात लष्करी तळांच्या वाटा उघड्या पडल्या. मग एका निवृत्त माणसाचा सकाळचा रस्ता आणि घर रिकामं असण्याची वेळ किती सहज कळेल? खातं त्यांच्याच नावाने उघडा, त्यांच्याच फोनवर. फिरण्याचा मार्ग उघड करणारा पर्याय बंद करा. वय, उंची, वजन खरं भरा, कारण पावलाची लांबी आणि बाकीचे अंदाज त्यावरून ठरतात. बँड रोज आंघोळीला काढून पुसून कोरडा करायला सांगा, कोकणातल्या दमट हवेत तर नक्कीच, नाहीतर पट्ट्याखाली पुरळ येतं. आईच्या हाताला पट्टा नीट बसतो का, रात्री टोचतो का, हे विचारा. मग पंधरा दिवस फोनवर पावलांचा विषय काढू नका. सोळाव्या दिवशी त्यांची सरासरी त्यांनाच वाचू द्या, पुढचं लक्ष्य त्यांनाच ठरवू द्या, आणि पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहून ठेवायला सांगा.